एलायझाच्या लेकी

मनाशी बोलण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. समर्थ रामदासांनी २०५ श्लोक लिहिले, ते सारे मनाला उद्देशून. तिन्हीसांजेला दिव्यापाशी बसून ते म्हणणाऱ्या मुलांना त्यांचा अर्थ उमगो वा न उमगो, मन ही समजूत घालण्याजोगी वस्तू आहे एवढे तरी त्यांच्या कानांवर पडत असे. ह्या संवादाला पक्ष दोनच : आपण आणि आपले मन. तिसरा कोणी असलाच तर तो एखादा गुरू, एखादा जिवाभावाचा मित्र, नाहीतर शेजारची वडीलधारी बाई.

गेल्या साठ वर्षांत ह्या संवादात आणखी एक भिडू येऊन बसला आहे आणि तो माणूस नाही. रात्रीचे दोन वाजले आहेत, झोप येत नाही, छातीत उगाच धडधडते, उद्याचा दिवस डोंगरासारखा वाटतो, अशा वेळी उशाशी ठेवलेला स्मार्टफोन उचलून त्यातल्या एखाद्या अ‍ॅपला आपली व्यथा सांगणारी माणसे आज जगभर आहेत. आपल्या चाळीत, आपल्या इमारतीतही ती असतील. कदाचित आपल्या घरातही असतील, आणि आपल्याला त्याचा पत्ता नसेल.

हा भिडू आला कोठून, त्याला आणले कोणी, त्याने काय दिले आणि काय देणे त्याला जमले नाही, ही हकीकत सांगण्याचा येथे विचार आहे. दिवाळीच्या फराळासोबत वाचावयास हा विषय थोडा कडवट वाटेल. पण घर माणसांनी भरलेले असते तेव्हाच एखादे माणूस कोपऱ्यात गप्प बसलेले अधिक खुपते. म्हणून सणाच्या दिवसांत हा विषय अगदीच अप्रस्तुत म्हणता यावयाचा नाही.

*

खिन्न माणसाला माणसावाचून मिळालेला पहिला आधार म्हणजे पुस्तक. १६२१ साली, म्हणजे शिवाजीमहाराजांच्या जन्माच्या आधी, ऑक्सफर्डच्या रॉबर्ट बर्टन नावाच्या एका विद्वानाने ‘दि अ‍ॅनाटॉमी ऑफ मेलँकली’ हा विषण्णतेवरचा प्रचंड ग्रंथ प्रसिद्ध केला. आपण विषण्णतेवर लिहितो ते विषण्णता टाळण्यासाठी, हाताला काम राहावे म्हणून, असे त्याने मोकळेपणाने सांगून टाकले होते. आवृत्तीमागून आवृत्ती निघाली आणि ग्रंथ फुगतच गेला. दुःखाला नाव दिले, त्याचे प्रकार पाडले, ते कागदावर मांडले, म्हणजे त्याचा भार काहीसा हलका होतो, हे बर्टनचे गुपित होते. पुढे येणाऱ्या साऱ्या साधनांच्या मुळाशी हेच गुपित आहे.

पुस्तक बोलते, पण ऐकत नाही. ऐकणारे पहिले साधन म्हणजे टेलिफोन. १९३५ साली इंग्लंडमध्ये लिंकन येथे चाड व्हारा नावाच्या एका तरुण पाद्र्याला एका चौदा वर्षांच्या मुलीचा अंत्यविधी करावा लागला. वयात आल्याची खूण दिसताच तो काही भयंकर रोग आहे असे समजून त्या पोरीने जीव दिला होता. तिला विचारावयास कोणी नव्हते, सांगावयासही कोणी नव्हते. ती गोष्ट ह्या पाद्र्याच्या मनातून अठरा वर्षे गेली नाही. १९५३ च्या नोव्हेंबरात त्याने लंडनमधील आपल्या चर्चमध्ये एक टेलिफोन ठेवला आणि ज्याला जीव नकोसा झाला असेल त्याने ह्या क्रमांकावर बोलावे असे जाहीर केले. ‘समॅरिटन्स’ ह्या संस्थेची ही सुरुवात. आत्महत्येचा प्रयत्न हा तेव्हा इंग्लंडमध्ये गुन्हा होता. तो कायदा १९६१ मध्ये गेला.

येथे एक मौजेची गोष्ट घडली. पाद्रीबुवांना भेटावयास येणाऱ्या लोकांना बाहेरच्या खोलीत थांबावे लागे. तेथे मदतीला आलेली साधीसुधी माणसे त्यांना चहा देत आणि त्यांच्याशी बोलत बसत. थोड्याच दिवसांत व्हारांच्या ध्यानात आले की पुष्कळ लोक आत येण्यापूर्वीच हलके होऊन परत जातात. तेव्हा त्यांनी ऐकण्याचे काम त्या साध्या माणसांवरच सोपविले. आपल्या हकीकतीत ही बाहेरची खोली पुन्हा एकदा येणार आहे; ती वाचकांनी ध्यानात ठेवावी.

*

त्याच सुमारास अमेरिकेत मानसोपचाराच्या शास्त्रातच एक मोठी उलथापालथ चालू होती. फ्रॉइडच्या परंपरेत रोग्याने कोचावर पडून वर्षानुवर्षे आपल्या बालपणाची उजळणी करावयाची आणि वैद्याने बहुधा मौन पाळावयाचे. न्यूयॉर्कच्या अल्बर्ट एलिसला हा प्रकार संथ आणि निष्फळ वाटू लागला. १९५५ पासून त्याने आपली निराळी पद्धत चालविली. घटनेने माणूस दुःखी होत नाही, घटनेविषयी त्याने मनाशी धरलेल्या हट्टी समजुतीने होतो, हा तिचा गाभा. हा विचार त्याने प्राचीन स्टोइक तत्त्वज्ञांकडून घेतला होता. एलिसला मराठीत आणण्याचे श्रेय मुंबईच्या किशोर फडक्यांकडे जाते. आणि १९९० साली डॉ. आनंद नाडकर्णी ह्यांनी ठाण्यात सुरू केलेल्या मानसिक आरोग्य संस्थेमुळे ही विचारपद्धती अनेक मराठी घरांपर्यंत पोचली.

फिलाडेल्फियाचा आरन बेक हा दुसरा बंडखोर. तो स्वतः फ्रॉइडच्या पठडीत तयार झालेला. पण नैराश्याच्या रोग्यांशी बोलताना त्याला आढळले की त्यांच्या मनात तोंडावाटे बाहेर न पडणारी एक पुटपुट सारखी चालू असते : ‘मी नालायक आहे’, ‘हे माझ्याने व्हावयाचे नाही’, ‘सगळ्यांना माझा कंटाळा आला आहे’. हे विचार आपोआप येतात, आणि येतात तेच खरेपणाचा वेष घेऊन. बेक रोग्याला सांगू लागला की वही घ्या आणि रकाने आखा. काय घडले, मनात काय आले, काय वाटले, त्या विचाराला पुरावा कोणता, उलट पुरावा कोणता, आणि आता काय वाटते. १९६१ साली त्याने नैराश्य मोजण्याची २१ प्रश्नांची एक पट्टी तयार केली. १९७९ मध्ये त्याचा आणि त्याच्या सहकाऱ्यांचा ह्या उपचारावरचा पाठ्यग्रंथ आला. बेक शंभरी गाठून २०२१ साली वारला.

ह्या दोघांच्या कामाचा आपल्या हकीकतीशी संबंध काय? संबंध फार जवळचा आहे. कोचावरचा मौनी उपचार यंत्राला शिकविणे अशक्य होते. पण जेथे पायऱ्या ठरलेल्या आहेत, रकाने आखलेले आहेत, रोजचा गृहपाठ आहे आणि शेवटी गुण मोजण्याची पट्टी आहे, तेथे यंत्राला शिरकाव करावयास दार उघडेच होते. आज फोनवर मिळणाऱ्या बहुतेक चांगल्या अ‍ॅपांच्या पोटात बेकची ती वही आहे. फक्त कागदाच्या जागी काच आली, एवढेच.

*

दार उघडे होते खरे. पण त्यातून आत पहिली शिरली ती बेकची वही नव्हे. आत शिरली ती एलायझा.

जोसेफ वायझेनबाउम हा बर्लिनचा ज्यू. १९२३ चा जन्म. हिटलरच्या अमलात घरदार सोडून १९३६ साली तो अमेरिकेत गेला आणि पुढे बॉस्टनजवळच्या एम.आय.टी. ह्या विख्यात संस्थेत संगणकशास्त्राचा प्राध्यापक झाला. १९६६ च्या जानेवारीत त्याने एका आज्ञावलीची माहिती प्रसिद्ध केली. ती टंकलेखन यंत्रावर माणसाशी इंग्रजीत संभाषण करी. तिचे नाव त्याने ठेवले एलायझा, बर्नार्ड शॉच्या ‘पिग्मॅलियन’ नाटकातील फुलवालीवरून. शॉची ही एलायझा आपल्या ओळखीची आहे. पु. ल. देशपांड्यांनी १९७५ साली तिला मराठी लुगडे नेसवून ‘ती फुलराणी’ म्हणून रंगभूमीवर आणले. नाटकातली फुलवाली शिकविल्याप्रमाणे उच्च वर्गाची भाषा बोलू लागते. वायझेनबाउमची एलायझाही शिकविल्याप्रमाणे बोले. फरक इतकाच की फुलराणीला मन होते.

एलायझाची सर्वांत गाजलेली भूमिका होती ‘डॉक्टर’ची. वायझेनबाउमने कार्ल रॉजर्स ह्या मानसोपचारतज्ज्ञाच्या पद्धतीचे सोंग तिला दिले, कारण ती पद्धत रोग्याचेच बोलणे हळुवारपणे त्याच्यासमोर परत ठेवण्याची होती. अशा डॉक्टराला जगाविषयी काही ठाऊक नसले तरी चालते. तुम्ही ‘आई’ हा शब्द टंकलिखित केलात की ती घरच्या मंडळींविषयी विचारी. ‘मी फार उदास आहे’ म्हटलेत तर उदास असल्याबद्दल खेद दाखवी. तिच्या यादीतला एकही शब्द सापडला नाही तर ‘पुढे सांगा’ अशा अर्थाचे काहीतरी बोलून वेळ मारून नेई. आपल्याकडच्या पोक्त बायका दुसरीचे गाऱ्हाणे ऐकताना ‘मग?’, ‘अगबाई!’, ‘पुढे?’ एवढ्यावर तासभर काढतात. एलायझाचे शास्त्र ह्याहून फारसे खोल नव्हते.

वायझेनबाउमची चिटणीस बाई महिनोगणती हे काम डोळ्यांसमोर पाहत होती. ह्या खोक्यात कोणी नाही हे तिला पुरते ठाऊक होते. तरीही एक दिवस ती एलायझाशी बोलावयास बसली आणि दोन-चार वाक्ये होताच वायझेनबाउमला म्हणाली, की आपण जरा खोलीबाहेर जाता का?

वायझेनबाउम हादरला. गंमत म्हणून केलेल्या बाहुलीपुढे शहाणी माणसे अंतःकरण उघडतात, हे त्याला अनपेक्षित होते. त्याहूनही त्याला धक्का बसला तो मानसोपचारतज्ज्ञांच्या उत्साहाचा. स्टॅनफर्डचा केनेथ कोल्बी आणि त्याचे सहकारी ह्यांनी त्याच वर्षी असे सुचविले की वैद्यांची टंचाई असलेल्या इस्पितळांत अशी यंत्रे बसविली तर तासाला शेकडो रोगी हातावेगळे करता येतील. वायझेनबाउमने दहा वर्षे विचार केला आणि १९७६ मध्ये एक ग्रंथ लिहून आपल्याच अपत्याविरुद्ध साक्ष दिली. यंत्राला एखादे काम जमेल की नाही हा एक प्रश्न, आणि ते यंत्राकडे सोपवावे की नाही हा दुसरा. दुःखिताची समजूत घालणे हे काम दुसऱ्या प्रश्नाच्या पोटात येते, असे त्याचे म्हणणे. २००८ साली मरेपर्यंत तो ह्या मतावर ठाम राहिला.

कोल्बी आणि वायझेनबाउम ह्यांचा हा वाद अजून मिटलेला नाही. तो मिटविण्याचा मार्ग एकच होता : प्रयोग करून पाहणे.

*

१९९० साली अमेरिकेत पॉलेट सेल्मी आणि तिच्या सहकाऱ्यांनी ३६ नैराश्यग्रस्तांचे तीन गट पाडले. एका गटाला सहा बैठकांत बेकच्या पद्धतीचे उपचार माणसाने दिले, दुसऱ्याला तेच संगणकाने, तिसऱ्याला थांबावयास सांगितले. पहिल्या दोन्ही गटांना सारखाच गुण आला. प्रयोग लहान होता, पण कोल्बीच्या बाजूचे लोक सुखावले.

मग इंटरनेट आले. ऑस्ट्रेलियात कॅनबेराच्या राष्ट्रीय विद्यापीठाने २००१ साली ‘मूडजिम’ नावाची मनाची तालीम सर्वांना मोफत खुली केली. २००४ मध्ये ५२५ माणसांवरील चाचणीत तिचा उपयोग दिसून आला. इंग्लंडमध्ये २००६ साली औषधोपचारांची पारख करणाऱ्या ‘नाइस’ ह्या सरकारी संस्थेने ‘बीटिंग द ब्लूज’ ही आठ बैठकांची आज्ञावली सौम्य आणि मध्यम नैराश्यासाठी, आणि ‘फिअरफायटर’ ही भयगंडासाठी मान्य केली. मनाच्या आजारावर डॉक्टराने गोळीऐवजी संगणकाची चिठ्ठी लिहून द्यावी, हा प्रकार वैद्यकाच्या इतिहासात नवाच होता.

परंतु २०१५ साली इंग्लंडमध्येच एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि त्याने उत्साहाला आवर घातला. ६९१ रोग्यांपैकी काहींना नेहमीच्या डॉक्टरी उपचाराखेरीज मूडजिम किंवा बीटिंग द ब्लूज दिले होते, काहींना फक्त नेहमीचे उपचार. चार महिन्यांनी पाहिले तो दोहोंत म्हणण्याजोगा फरक नाही. कारण शोधणे कठीण नव्हते : अभ्यासक्रम शेवटापर्यंत नेणारे पाचांत एकही नव्हते. नैराश्य हा आजारच असा की तो आधी उठण्याची इच्छा खातो. अशा माणसाला एकट्याने गृहपाठ करावयास बसविणे म्हणजे पाय मोडलेल्याला औषध आणावयास वैद्याच्या घरी चालत पाठविणे होय. ऑस्ट्रेलियातल्या २००४ च्या प्रयोगाकडे पुन्हा पाहिले असता तेथे एक तपशील सापडतो. त्या प्रयोगात दर आठवड्याला कोणीतरी साधा, वैद्य नसलेला माणूस प्रत्येकाला फोन करून विचारपूस करी. इंग्लंडमध्येही पुढे फोनवरच्या माणसाच्या आधारासह मूडजिम दिले गेले, तेव्हा २०१७ मध्ये निष्कर्ष आला की गुण अधिक पडतो. चाड व्हारांची बाहेरची खोली ती हीच.

*

मध्यंतरी यंत्र टेबलावरून उतरून खिशात आले होते. २००८ च्या जुलैत अ‍ॅपल कंपनीने आपल्या फोनसाठी अ‍ॅपांचे दुकान उघडले, तेव्हा त्यात सुमारे पाचशे अ‍ॅपे होती. पाठोपाठ त्याच वर्षी गूगलचेही दुकान निघाले. २०११ साली अमेरिकेच्या माजी सैनिक खात्याने युद्धाच्या आठवणींनी पछाडलेल्या शिपायांसाठी ‘पीटीएसडी कोच’ हे मोफत अ‍ॅप काढले. त्यात काही फार अद्भुत नव्हते. श्वास मोजण्याचे धडे, घाबरे झाल्यास काय करावे ह्याची यादी, लक्षणे मोजण्याची पट्टी, आणि वेळप्रसंगी कोणाला फोन करावा त्यांचे क्रमांक. पण ज्याला दवाखान्याची पायरी चढण्याची लाज वाटते अशा शिपायाच्या खिशात ते बसत असे. पुढच्या वर्षी ‘हेडस्पेस’ आणि ‘काम’ ही ध्यानधारणेची अ‍ॅपे आली आणि पूर्वेकडचा मनोनिग्रह पश्चिमेकडून मासिक वर्गणीच्या रूपाने परत आपल्याकडे आला.

एलायझाच्या खऱ्या लेकी मात्र नंतर जन्मल्या. २०१७ साली अ‍ॅलिसन डार्सी ह्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी ‘वोबॉट’ नावाचा गप्पा मारणारा सोबती काढला. १८ ते २८ वर्षे वयाच्या ७० तरुणांवर दोन आठवडे प्रयोग झाला. काहींना वोबॉट दिला, काहींना नैराश्यावरचे पुस्तक. वोबॉटशी बोलणाऱ्यांचे नैराश्य अधिक उतरले. चिंता मात्र दोन्ही गटांत सारखीच कमी झाली. ह्याच काळात आपल्या बंगळूरात जो अगरवाल आणि रमाकांत वेंपटी ह्यांनी ‘वायसा’ काढली. ती एका पेंग्विन पक्ष्याच्या रूपात बोलते आणि तिचा देशोदेशी संचार आहे. ह्या दोघी आजीपेक्षा शहाण्या होत्या. एलायझा केवळ हुंकार भरी; ह्यांनी बेकची वही हाती घेतली होती. काय बोलावयाचे ते जाणत्या माणसांनी आधी लिहून ठेवलेले असे, आणि जीव नकोसा झाल्याची भाषा कोणी केली तर त्याला माणसांकडे पाठविण्याची त्यांना शिकवण होती.

वोबॉटची कथा मात्र लवकर संपली. ३० जून २०२५ रोजी ते अ‍ॅप बंद झाले. सरकारी मान्यता मिळविण्याचा खर्च आणि विलंब हे त्याचे एक कारण होते. रोज रात्री ज्याच्याशी बोलावयाचे तो सोबती एखाद्या दिवशी कंपनीच्या पत्रकाने नाहीसा होतो, ही गोष्ट जुन्या काळच्या शेजारणीच्या बाबतीत घडत नसे.

*

आजवरच्या अनुभवाचा हिशेब काय सांगतो? २०२४ साली १७६ चाचण्यांचा एकत्र विचार करणारा एक आढावा प्रसिद्ध झाला. अ‍ॅपांमुळे नैराश्य आणि चिंता कमी होतात, परंतु परिणाम लहान असतो, असा त्याचा निष्कर्ष. लहान म्हणजे शून्य नव्हे. जेथे दुसरे काहीच हाती नाही तेथे लहान गोष्टीलाही मोल असते. पण हा लाभ ज्यांनी अ‍ॅप वापरले त्यांचा. २०१९ मध्ये ९३ अ‍ॅपांची पाहणी झाली, तीत असे दिसले की अ‍ॅप घेतल्यापासून पंधरा दिवसांनी ते उघडणारे शंभरांत साधारण चारच उरतात. जानेवारीत व्यायामशाळेत नाव घालणाऱ्यांची कथा ह्याहून निराळी नाही. फक्त येथे सोडून देणारा माणूस ‘हेही माझ्याने झाले नाही’ अशी आणखी एक नोंद स्वतःविरुद्ध करून ठेवतो.

दुसरा प्रश्न गुप्ततेचा. चिटणीस बाईने वायझेनबाउमला खोलीबाहेर काढले. आज खोलीत कोण कोण बसले आहे हे बोलणाऱ्याला दिसतच नाही. फोनवरून समुपदेशन देणाऱ्या ‘बेटरहेल्प’ ह्या अमेरिकन कंपनीने ग्राहकांची माहिती जाहिरातींसाठी फेसबुक आणि स्नॅपचॅटसारख्या कंपन्यांना पुरविली, असा आरोप तेथील सरकारी आयोगाने ठेवला आणि २०२३ मध्ये तिला ७८ लाख डॉलर देणे कबूल करावे लागले. आपल्याकडेही त्याच वर्षी व्यक्तिगत माहितीच्या रक्षणाचा कायदा संमत झाला. पण कायद्यापेक्षा सावधपणा स्वस्त पडतो.

तिसरा प्रश्न सर्वांत ताजा. २०२२ च्या नोव्हेंबरात चॅट जीपीटी आले आणि आधी लिहून ठेवलेल्या वाक्यांची गरजच उरली नाही. यंत्र स्वतःच वाक्ये जुळवू लागले. ह्यातली काही यंत्रे उपचारासाठी बनविलेलीच नाहीत, तरी लोक त्यांच्यापुढे मन मोकळे करतात. अमेरिकेतील डार्टमथ महाविद्यालयाने खास उपचारासाठी घडविलेल्या अशा एका यंत्राची २१० माणसांवर चाचणी घेऊन २०२५ मध्ये आशादायक निकाल जाहीर केले. मात्र त्या प्रयोगात यंत्राच्या संभाषणांवर संशोधकांचे लक्ष होते. त्याच वर्षी इलिनॉय राज्याने यंत्राने स्वतंत्रपणे मानसोपचार करण्यास कायद्याने बंदी घातली. कोल्बी आणि वायझेनबाउम ह्यांचा वाद असा साठ वर्षांनी विधिमंडळात पोचला.

*

आता थोडे आपल्या घराकडे वळू. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५–१६ साली बारा राज्यांत पाहणी केली. साध्या मानसिक आजारांनी ग्रासलेल्या शंभरांतील पंच्याऐंशी माणसांना काहीच उपचार मिळत नाहीत असे तीत आढळले. लाखामागे एक मनोविकारतज्ज्ञही ज्या देशात नाही, तेथे हे व्हावयाचेच. अशा ठिकाणी यंत्राचा मोह पडला तर नवल नाही. परंतु आपल्याकडचे सर्वांत मोलाचे प्रयोग यंत्रापासून सुरू झाले नाहीत.

गोव्यात १९९६ साली ‘संगाथ’ ही संस्था निघाली. तिचे एक संस्थापक डॉ. विक्रम पटेल आणि त्यांचे सहकारी ह्यांनी मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक माणसांना थोडक्या काळात समुपदेशन शिकविले आणि आरोग्यकेंद्रांत बसविले. २४ केंद्रांतील २७९६ रोग्यांचा त्यांचा अभ्यास २०१० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. सरकारी केंद्रांत ह्या साध्या समुपदेशकांच्या मदतीने बरे होणाऱ्यांचे प्रमाण वाढले होते. व्हारांच्या चहाच्या खोलीला गोव्यात शास्त्राचा आधार मिळाला, असे म्हणावयास हरकत नाही.

त्याहून आपल्या विषयाला जवळचा प्रयोग झाला नाशिक जिल्ह्यातील ४१ खेड्यांत. पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीच्या मानसिक आरोग्य केंद्राने ‘आत्मीयता’ नावाने तो केला. गावातल्याच, चारचौघांत मान असलेल्या माणसांना त्यांनी निवडले आणि त्यांच्या हाती स्मार्टफोन दिले. त्या फोनमधल्या अ‍ॅपात छोटे चित्रपट होते. बेकारी, घरातली भांडणे, दारू, बायकोला होणारी मारहाण, ह्या गावाला ठाऊक असलेल्या दुःखांच्या त्या कथा. हा माणूस एखाद्याच्या ओसरीवर बसे, चित्रपट दाखवी, आणि मग बोलणे निघे. ‘तुला नैराश्य आहे’ असे कोणी म्हणत नसे. पडद्यावरच्या बाईची गोष्ट निघे आणि बघणारी बाई हळूहळू आपलीच सांगू लागे. येथे यंत्र ऐकत नाही. ते बोलण्याला निमित्त पुरविते आणि ऐकावयास माणूस शेजारी बसलेला असतो. एलायझाच्या लेकींत ही नाशिककडची लेक मला सर्वांत शहाणी वाटते.

सरकारनेही १० ऑक्टोबर २०२२ रोजी ‘टेली-मानस’ सुरू केले. १४४१६ हा त्याचा क्रमांक. तेथे दिवसरात्र कोणत्याही वेळी मोफत बोलता येते, मराठीतही बोलता येते. दोन वर्षांनी त्याचे अ‍ॅपही आले. आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षा सांगणारे जुने ३०९ कलम २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने बोथट केले होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या न्यायसंहितेत ते जुन्या रूपात उरले नाही. म्हणजे आता तोंड उघडावयास पोलिसाचे भय आड येत नाही. आड येते ती लाज.

*

एवढ्या हकीकतीवरून व्यवहाराचे चार शब्द सांगावयाचे तर ते असे. झोप मोडणारी काळजी, परीक्षेचे भय, सौम्य खिन्नता, ह्यांसाठी अ‍ॅप वापरून पाहण्यात तोटा नाही. ते कोणी काढले, कोणत्या चाचणीतून गेले आणि आपण सांगितलेले कोठे जाते, एवढे पाहून घ्यावे. दोन आठवड्यांहून अधिक काळ मन उठत नसेल, अन्नपाणी तुटले असेल, तर डॉक्टरांकडे जावे. आणि जीव देण्याचे विचार येत असतील तर पंधरवडा मोजत न बसता त्याच दिवशी माणसाला सांगावे. चालू असलेली औषधे अ‍ॅपच्या भरवशावर कोणी सोडू नयेत. आणि घरातले कोणी असे अ‍ॅप वापरताना दिसले तर त्याच्या खांद्यावरून डोकावू नये, थट्टाही करू नये. आठवड्यातून एकदा सहज विचारावे, ‘कसं चाललंय?’ ज्या विचारपुशीने कॅनबेराचा प्रयोग तरला, ती घरातल्या घरात करावयास फोनचे बिलही पडत नाही.

चिटणीस बाईने वायझेनबाउमला बाहेर जावयास सांगितले, ह्याचा अर्थ ती यंत्राला भुलली असा त्याने लावला. तो अर्थ खोटा नव्हे. पण अपुरा आहे. तिला कोणाशी तरी बोलावयाचे होते, आणि खोलीतल्या माणसासमोर ते तिला बोलता येत नव्हते. हसणार नाही, उपदेश करणार नाही, चारचौघांत सांगणार नाही आणि ‘आम्ही काय कमी सोसले?’ असे म्हणणार नाही, एवढी खात्री तिला त्या टंकलेखन यंत्राने दिली. एवढी खात्री द्यावयास फार मोठे शास्त्र लागत नाही. दिवाळीत घरी आलेल्या पाहुण्यांत एखादी भाची किंवा एखादा पुतण्या गच्चीवर एकटाच फोन घेऊन बसलेला दिसला, तर फराळाची बशी घेऊन त्याच्याजवळ जाऊन बसावे. पहिली दहा मिनिटे काही बोलूच नये. ‘मग?’, ‘पुढे?’ एवढे शब्द एलायझालाही येत होते. आपल्याला ते न येण्याचे कारण नाही.